वहिनीचं बाळ २९ आठवड्यांत झालंय, १ किलो १२० ग्रॅम. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया बोला

निशिगंधा · ३ ऑगस्ट, रात्री ११:४०

काल पहाटे माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. दिवस भरायला अजून अकरा आठवडे होते. वहिनीचं बीपी आठवडाभर चढत होतं, पाय सुजले होते. परवा डोकं इतकं दुखायला लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक मिनिट न घालवता नाशिकला पाठवलं. इथे आल्याआल्या बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून इंजेक्शन सुरू केलं, पण चारपैकी दोनच डोस झाले आणि सिझर करावं लागलं.

बाळाला काचेतून पाहिलं. मांडी माझ्या अंगठ्याएवढी आहे. नाकावर सीपॅप (श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणारं यंत्र), तोंडातून पोटात गेलेली नळी, डोक्यावर लोकरीची टोपी. तीसुद्धा भुवयांच्या खाली घसरत होती.

डॉक्टर म्हणतात ७२ तास जाऊ द्या. आजी म्हणते सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, तेव्हा काळजी नको. भाऊ म्हणतो मुंबईला हलवू. दिवसाचे १४ हजार सांगितलेत, औषधं वेगळी. वहिनी वरच्या मजल्यावर आहे, तिने अजून लेकीला पाहिलेलंही नाही. दूध येत नाही म्हणून रडतेय, आणि कुणीतरी पावडरचा डबा आणायला सांगितलाय.

अशा बाळांची जगण्याची शक्यता खरंच किती असते? आणि आम्ही घरच्यांनी काय करायचं? नुसतं बाकड्यावर बसून राहवत नाही.

पाऊलवाट · ३ ऑगस्ट, रात्री ११:५२

निशिगंधा, आत्या झालात. अभिनंदन! या गडबडीत हे कुणी म्हटलं नसेल म्हणून आधी तेच म्हणते.

माझा मुलगा ३० आठवड्यांचा, १ किलो २६०. आता चौथीत आहे आणि काल पावसात फुटबॉल खेळून चिखल घेऊन घरात आला. तुमची टोपीची ओळ वाचली आणि माझ्या कपाटातली टोपी काढून बघितली. संत्र्याला बसेल एवढी आहे.

निओ_डॉक · ४ ऑगस्ट, रात्री १२:३५

नवजात विभागात सोळा वर्षं काम करतोय. तुमच्या बाळाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दलचा शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा.

आधी शक्यतेबद्दल. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं. त्यात २८च्या आतलं, २८ ते ३२मधलं आणि ३२ ते ३७मधलं, या तीन बाळांच्या वाटा एकदम वेगळ्या असतात. तुमची भाची मधल्या गटात आहे. श्रीमंत देशांत या आठवड्याची दहातली नऊपेक्षा जास्त बाळं घरी जातात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गरीब देशांत ३२ आठवड्यांची किंवा त्याआधीची निम्मी बाळं दगावतात, आणि कारणं बघाल तर ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गापासून बचाव आणि श्वासाला साधा आधार एवढंच कमी पडलेलं असतं. आपल्याकडे चांगलं युनिट पहिल्या टोकाच्या जवळ असतं, वाईट युनिट दुसऱ्या. म्हणून देशाचा आकडा शोधत बसू नका. तुमच्या युनिटला सरळ विचारा, 'गेल्या वर्षी सव्वा किलोच्या आतली किती बाळं आली आणि किती घरी गेली?' चांगलं युनिट या प्रश्नाला रागावत नाही.

दोन डोस झाले हे वाया गेलेलं नाही. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की आईला हे स्टिरॉइड आधी दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. लिगिन्सना ते मेंढ्यांच्या कोकरांवर काम करताना लक्षात आलं होतं. इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी इंजेक्शन आमच्या शास्त्रात दुसरं क्वचितच असेल.

हलवण्याचं म्हणाल तर ते आईच्या पोटात असतानाच करायचं असतं. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं, त्यांचे आभार माना. आता सीपॅपवरच्या किलोभराच्या बाळाला कसारा घाटातून न्यायचं तर काहीतरी ठोस कारण हवं. युनिटमध्ये व्हेंटिलेटर आहे का, सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) मिळतं का, रात्री एका सिस्टरकडे किती बाळं असतात, डोळे तपासायला तज्ज्ञ येतात का, हे विचारा. उत्तरं बरी असतील तर आहे तिथेच राहू द्या.

पावडरचा डबा मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आणू नका. या वजनाच्या बाळाचं आतडं फार नाजूक असतं. डब्याच्या दुधाने आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका वाढतो. दुधाबद्दल इथल्या सिस्टर जास्त चांगलं सांगतील.

पांढरी_चप्पल · ४ ऑगस्ट, पहाटे ४:१५

नाईटला आहे, चहा घेता घेता लिहिते. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात, स्टाफ नर्स आहे.

वहिनींना सांगा, दूध येत नाही असं तिसऱ्या दिवसाआधी म्हणायचं नाही. आत्ता जे येतं तो चीक, आणि तो थेंबानेच येतो. वाटी भरायची वाट बघू नका. हात धुवून, कोमट फडक्याने शेकून, हाताने पिळायचं. दोन थेंब आले तरी ते सिरिंजमध्ये घेऊन खाली पाठवा. आम्ही कापसाच्या बोळ्याने गालाच्या आतून लावतो, नळीतून देतो. दिवसरात्रीतून आठ-दहा वेळा काढायचं, रात्रीची एक वेळ चुकवायची नाही. रात्री काढलं नाही की दूध आटत जातं.

आणि त्यांना व्हीलचेअरवरून खाली आणा. आजच. आईने बाळ पाहिल्यावर अर्ध्या तासात दूध उतरलेलं मी कितीदा पाहिलंय.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, हातातला गंडादोरा सगळं बाहेर काढून ठेवा. कोपरापर्यंत हात धुवा. आजीबाई रागावतील पण सांगा.

लाह्यापोहे · ४ ऑगस्ट, सकाळी ८:२०

ते 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही' आमच्याकडे पण म्हणतात. खरं आहे का हे?

निओ_डॉक · ४ ऑगस्ट, सकाळी ८:५५

अजिबात नाही. आठव्या महिन्याचं बाळ सातव्याच्या बाळापेक्षा जास्त जगतं, पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. गंमत म्हणजे हा समज ग्रीकांमध्येही होता. हिप्पोक्रेटिसच्या नावावर जे जुने ग्रंथ आहेत त्यात आठव्या महिन्याच्या बाळावर एक अख्खं प्रकरण आहे. आजींना आत्ता खोडून काढू नका, त्यांना त्याने धीर मिळतोय. पण पुढे घरात कुणाला आठव्यात कळा लागल्या तर 'तसंही जगायचं नाही' म्हणून कुणी उशीर करू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

मनोहर_वणीकर · ४ ऑगस्ट, सकाळी १०:१०

आमच्या घरची गोष्ट सांगतो. साल १९६६, यवतमाळ जिल्हा. माझी धाकटी बहीण सातव्यात झाली. दवाखाना बैलगाडीने चार तासांवर. वजन कोण करणार? आजोबा म्हणायचे, दोन ओंजळी ज्वारीएवढी होती.

आमचा भाग कापसाचा. आजीने सरकी काढलेला स्वच्छ कापूस आणला आणि पोरीला नाकडोळे सोडून पूर्ण कापसात गुंडाळलं. खोलीच्या कोपऱ्यात दिवसरात्र शेगडी. आई आणि आजी सोडून कुणाला उंबरा ओलांडायची परवानगी नाही, वडिलांनासुद्धा नाही. आई दूध वाटीत काढायची आणि आजी बोंडल्याने थेंब थेंब घालायची. मी सात वर्षांचा. दाराच्या फटीतून बघायचो, कापसाचा ढीग हलतोय का. हलला की खेळायला पळायचो.

ती बहीण शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. पण हेही सांगितलं पाहिजे की तिच्यानंतरचा भाऊ असाच लवकर झाला, तोच कापूस, तीच शेगडी, आणि तो तिसऱ्या दिवशी गेला. ज्यांना कापसाने वाचवलं त्यांच्याच गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात.

निओ_डॉक · ४ ऑगस्ट, सकाळी १०:४०

वणीकर काका, शेवटचं वाक्य मी आमच्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. तुमच्या आजींनी ऊब दिली, आईचं दूध दिलं आणि येणाराजाणारा बंद केला. आजच्या युनिटचा पायाही हाच. पॅरिसमध्ये तार्निएने १८८०च्या सुमारास बाळांसाठी पेटी करून घेतली, तीही कोंबड्यांची अंडी उबवायची पेटी बघून. तुमच्या भावाला बहुतेक श्वासाचा आधार कमी पडला असणार, तो कापूस देऊ शकत नाही. (धुराची शेगडी आता कुणी लावू नये, हे मात्र सांगून ठेवतो.)

शब्दखुळी · ४ ऑगस्ट, सकाळी ११:०५

बोंडलं! किती वर्षांनी वाचला हा शब्द. आमच्याकडे चांदीचं आहे, पण आई त्याला गोकर्ण म्हणते.

रानवारा · ४ ऑगस्ट, सकाळी ११:१२

आम्ही पण बोंडलंच म्हणतो. लांब चोचीचं असतं ते.

पांढरी_चप्पल · ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

दवाखान्यात आम्ही त्याला पलाडाई म्हणतो, दक्षिणेकडचा शब्द. वस्तू तीच. नळीवरून बाळ सुटलं की आधी वाटीचमचा किंवा हेच. अंगावर ओढून पिणं साधारण ३४ आठवड्यांच्या पुढे जमतं, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमायला लागतं. बाटली नकोच. चांदीचं असो नाहीतर स्टीलचं, प्रत्येक वेळी उकळून घ्यायचं.

तर्कट · ४ ऑगस्ट, दुपारी ३:००

थोडं वेगळं बोलतो, धागाकर्तीने मनाला लावून घेऊ नये. २९ आठवड्यांना उपचार झालेच पाहिजेत. पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्या अमेरिकेतल्या बाळांच्या गोष्टी फिरतात. अलाबामातला कर्टिस मीन्स, २०२०, २१ आठवडे १ दिवस, ४२० ग्रॅम. आता आयोवातला नॅश कीन, २०२४, बरोबर २१ आठवडे, २८५ ग्रॅम. त्या वाचून इथे २३ आठवड्यांच्या बाळासाठी लोक शेत विकतात. माझ्या चुलतभावाने दीड एकर विकलं. बाळ अकरा दिवसांनी गेलं. त्याला पहिल्या दिवशी कुणीही स्पष्ट सांगितलं नाही. आशा दाखवायची आणि मीटर चालू ठेवायचं, हे मला चुकीचं वाटतं.

पाऊलवाट · ४ ऑगस्ट, दुपारी ३:२०

तर्कट, मुद्दा असेल, पण आजच हा धाग्यावर आणायला हवा होता का? ती पोरगी बाकड्यावर बसून वाचतेय.

निशिगंधा · ४ ऑगस्ट, दुपारी ३:४५

पाऊलवाट, वाचतेय. बोलू द्या त्यांना. आम्हालाही कुणी स्पष्ट बोलत नाहीये, मला स्पष्टच हवंय.

वहिनीला खाली आणलं. तिने बोट लावलं, तर पोरीने ते पकडलं. पूर्ण मूठ, बोटाच्या पहिल्या पेराभोवती. नंतर साडेतीन मिली चीक निघाला.

अबोली · ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

तर्कट यांच्या मुद्द्यावर मी लिहू शकते, कारण मी त्या बाजूची आहे.

माझा मुलगा २४ आठवड्यांचा, ६१० ग्रॅम. चार दिवस होता. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या रात्री खुर्ची ओढून घेतली, माझ्या समोर बसले आणि म्हणाले, 'या वयाची बाळं आमच्याकडे क्वचित घरी जातात. गेली तरी काहींना पुढे त्रास राहतो. आम्ही आज प्रयत्न करू, उद्या परत बोलू. केव्हाही थांबावंसं वाटलं तर मला सांगा, ते पाप नाही.' मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. दुसऱ्या दिवशी परत आले, परत बसले. तिसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झालेला सोनोग्राफीत दिसला, तेव्हाही टाळूवर यंत्र कुठे ठेवतात, पडद्यावर काय दिसतंय, सगळं दाखवलं.

चौथ्या दिवशी सिस्टरने पडदा ओढला आणि त्याला माझ्या छातीवर ठेवलं. नळ्या एकेक करून काढल्या. तो साधारण चाळीस मिनिटं होता. त्याचे कान अजून कडक झालेले नव्हते, माझ्या अंगाला लागून दुमडत होते, मी सारखे सरळ करत होते.

दीड एकर गेल्याचं दुःख मला कळतं. पण त्या डॉक्टरांसारखं खुर्ची ओढून कुणी बसलं असतं तर तुमच्या भावाने काय ठरवायचं ते समजून ठरवलं असतं. आमच्याकडून तेवढंच मागायचं असतं.

तर्कट · ४ ऑगस्ट, रात्री ८:०५

अबोलीताई, मला हेच म्हणायचं होतं, मला ते नीट म्हणता आलं नाही. निशिगंधा, माफ करा.

निओ_डॉक · ४ ऑगस्ट, रात्री ९:४०

अबोली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तर्कट, ती दोन्ही बाळं खरी आहेत. ती अशा केंद्रांत जन्मली जिथे टोकाच्या बाळांवर काम करणारी अख्खी फळी पाळीपाळीने हजर असते. तिथला आकडा उचलून इथे लावता येत नाही. आणि हो, आमच्यातले काही जण स्पष्ट बोलायला घाबरतात, काहींची कारणं त्याहून वाईट असतात. ते मी नाकारणार नाही.

सई_लीड्सहून · ५ ऑगस्ट, पहाटे २:१०

इथे इंग्लंडात माझी मुलगी २६ आठवड्यांची झाली, ७८० ग्रॅम. एक पैसा भरावा लागला नाही, हे खरं. पण सासूबाईंना व्हिसा मिळेपर्यंत आम्ही दोघंच होतो. रात्री दोनला पंपावर दूध काढताना बोलायला कुणी नसायचं. तुमच्याकडे बाकड्यावर आत्या बसलीय, याची किंमत मला विचारा. एप्रिल २०२५पासून इथे बाळ दवाखान्यात असेल तर आईवडिलांना दोघांनाही बारा आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळते. माझ्या वेळी नव्हती. तिकडे काय आहे?

हिशेबनीस · ५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

सई, इथे पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवडे. दवाखान्यातल्या दिवसांसाठी वेगळी तरतूद नाही. पण सामाजिक सुरक्षा संहितेत (नोव्हेंबर २०२५च्या आधी मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १०मध्ये) अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे आईला आजारपण आलं तर एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा आहे, डॉक्टरांचा दाखला लागतो. कितीतरी एचआरवाल्यांना हे माहीत नसतं, कायद्याचं नाव सांगून मागा. निशिगंधा, वहिनी नोकरी करत असतील तर लक्षात ठेवा.

खर्चाचं. विम्याची पॉलिसी आज उघडून वाचा. वैयक्तिक पॉलिसीत अनेकदा बाळ ९० दिवसांचं झाल्याशिवाय धरत नाहीत, कंपनीच्या गटविम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून असतं, पण नाव ठरावीक दिवसांत कळवावं लागतं. दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, त्यांचं टेबल साधारण दाराजवळच असतं. आणि सरकारी एसएनसीयूत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११पासून, आजारी बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या, घरी सोडायची गाडी सगळं मोफत आहे. आधी तीस दिवसांपर्यंत होतं, नंतर वर्षापर्यंत केलं.

रानवारा · ५ ऑगस्ट, सकाळी १०:००

सरकारीत टाकायचं म्हटलं की मला भंडारा आठवतं. ९ जानेवारी २०२१, रात्री आग लागली, दहा बाळं गेली. माझी बहीण तेव्हा दवाखान्यात भरती होती, दुसऱ्या एका जिल्ह्यात. आठवडाभर झोपली नाही.

पांढरी_चप्पल · ५ ऑगस्ट, दुपारी २:४५

रानवारा, ती रात्र आमच्यातलं कुणीच विसरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना मी आधी प्लगपॉइंट हाताने चाचपले, वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेच्या) वायरी बघितल्या, मग हजेरीला सही केली. आजही तसंच करते. तुम्ही सरकारी असो की खाजगी, दुसरा दरवाजा कुठे उघडतो ते विचाराच. तो तुमचा हक्क आहे.

पण सरकारीत काही होत नाही हे मान्य नाही. आमच्याकडे ९५० ग्रॅमची बाळं घरी गेलीत. जागा कमी पडते, एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवायची वेळ येते, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी सांगते. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सायनच्या पालिका रुग्णालयात काढली, सरकारी पगारात. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि ज्या आईला येत नाही तिच्या बाळाला देतात. निशिगंधा, कमी पडलंच तर डब्याआधी नाशिकात पेढीचं दूध मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

झाडीपट्टी · ५ ऑगस्ट, रात्री ९:००

आमच्या गडचिरोलीचं कुणीच नाही काढलं म्हणून लिहितो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवलं. बाळ मोजायचं, श्वास मोजायचा, उबदार पिशवीत ठेवायचं, जंतुदोष ओळखून इंजेक्शन द्यायचं. १९९९ला 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आता देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा भेटी देतात, ते यातूनच आलं. माझी आई त्यातली आरोग्यदूत होती. तिच्या पिशवीतला झोळीचा वजनकाटा आम्ही पोरं हातात पण घ्यायचो नाही, ती ओरडायची, 'एका पोराचं वजन चुकलं तर?'

बाळ घरी आलं की आशाताईला बोलवा. शहरवाले बोलवत नाहीत.

छातीवरचा_बाबा · ६ ऑगस्ट, सकाळी ७:१५

सगळं बोलून झालं आणि कांगारू राहिलं!

बाळ जरा स्थिर झालं की विचारा. नुसता डायपर, टोपी, मोजे, आणि उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून कापड बांधायचं. १९७८च्या सुमारास बोगोटात पेट्या कमी पडल्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी सुरू केलं. २०२१ला पाच देशांचा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं. जन्मल्यापासून, बाळ पूर्ण स्थिर व्हायची वाट न बघता, आईला लावून ठेवलं तर १ ते १.८ किलोच्या बाळांचे मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. त्यासाठी आईलाच आत, बाळाच्या बाजूला खाट दिली होती.

माझी बायको आठ दिवस आयसीयूत होती, म्हणून मी बसलो. रोज सहा तास. पहिल्या दिवशी मॉनिटरवर ऑक्सिजन ८८, माझ्या छातीवर वीस मिनिटांत ९५. लेक आता सहा वर्षांची आहे, अजून झोपताना माझ्या छातीवरचे केस मुठीत धरते. सिस्टर म्हणायच्या, 'बाबा, तुमची लोकर बाळाला आवडली.'

तुमच्या भावाला सांगा.

निओ_डॉक · ६ ऑगस्ट, सकाळी ७:५०

अगदी बरोबर. युनिट परवानगी देत नसेल तर आग्रह धरा, जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस आहे. आईला भेटीची वेळ लावणारं युनिट मला पटत नाही. आई त्या बाळाच्या उपचारातला भाग आहे, तिला दाराबाहेर उभं करून आपण स्वतःच एक औषध बंद करतो.

इतिहासवेडी · ६ ऑगस्ट, दुपारी १२:००

थोडं अवांतर. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३मध्ये साडेपाच आठवडे आधी झाला. वजन २ किलो १००, म्हणजे तुमच्या भाचीच्या जवळजवळ दुप्पट. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं मूल ३९ तासांत गेलं, फुप्फुसं उघडी ठेवणारा पदार्थ, सर्फॅक्टंट, कमी म्हणून. मेरी एलन एव्हरी यांनी तो पदार्थच कमी असतो हे १९५९ला शोधलं होतं, पण बाळाला बाहेरून द्यायचं जमलं ते १९८०ला, जपानच्या फुजिवारांना. आज ते नाशिकच्या फ्रीजमध्ये बाटलीत आहे.

कोल्हापूरची_माई · ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

बाळांनो, डोळ्याचं विसरू नका हो. माझ्या पुतण्याचा मुलगा, ३१ आठवड्यांचा. जगला, वजन धरलं, सगळं ब्येस. दवाखान्याने घरी सोडताना कागदावर कुठंतरी बारीक अक्षरात 'आरओपी' लिहिलं होतं, म्हणजे लवकर झालेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार. तोंडानं कुणी सांगितलं नाही. पाचव्या महिन्यात सुनेला वाटलं बाळ खुळखुळ्याकडं बघत नाही, आवाजाकडं बघतंय. तोवर उशीर झाला होता. आता एका डोळ्यानं थोडं दिसतं.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पण तीस दिवस, एवढं लक्षात ठेवा. तीस दिवसांच्या आत डोळ्याचा पडदा तपासायचा.

निओ_डॉक · ७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

माईंचं म्हणणं मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. दोन किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आतल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी व्हायला हवी, फार लहानांची त्याहूनही आधी. वेळेत सापडलं तर लेसरने नजर वाचते. एकदा तपासून संपत नाही, पडदा पूर्ण तयार होईपर्यंत बोलावतील तेव्हा जायचं. कानांची चाचणी पण.

निशिगंधा · ११ ऑगस्ट, रात्री १०:१५

नववा दिवस. वजन १ किलो ४० झालं म्हणून भाऊ रडला, डॉक्टर म्हणाले आधी उतरतंच. चौथ्या दिवशी दोनदा श्वास थांबला होता, अलार्म वाजला, सिस्टरने तळपायाला टिचकी मारली आणि ती परत श्वास घ्यायला लागली. आता त्यासाठी कॅफीन सुरू आहे. हो, कॅफीनच! सीपॅप काल काढला.

'किती घरी गेली' हा प्रश्न विचारला. डॉक्टरांनी रजिस्टर काढून दाखवलं. मुंबईचा विषय संपला. आरोग्यमित्राचं टेबल सापडलं, कागद दिलेत.

वहिनी दिवसातून नऊदा दूध काढते. भाऊ छातीवर बाळ घेऊन बसतो आणि हलतच नाही, पाठ आखडली तरी.

निओ_डॉक · ११ ऑगस्ट, रात्री १०:३०

फार छान. लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, पण रांगणं, बसणं मोजताना अकरा आठवडे वजा करायचे, दोन वर्षांपर्यंत. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांना हे सांगा.

निशिगंधा · २४ सप्टेंबर, रात्री ८:५०

धागा वर काढतेय. आज घरी आली. १ किलो ८४०. सुरुवातीला मी विचारलं होतं शक्यता किती. त्या रजिस्टरमध्ये आता तिचाही आकडा 'घरी गेली'च्या रकान्यात आहे, मी वाकून बघितला.

मधे तेविसाव्या दिवशी जंतुदोष झाला होता. पोट फुगलं, दूध तीन दिवस बंद. तेव्हा इथे लिहायची हिंमत झाली नाही. अबोली, त्या रात्री तुमचा प्रतिसाद उघडून बसले होते. डॉक्टर आले तेव्हा मीच खुर्ची ओढून दिली.

आजीने दारात भाकरतुकडा ओवाळला आणि मग हात धुवायला गेली, कोपरापर्यंत. बोंडलं सापडलं, पणजीचं. उकळायला ठेवलंय.

अबोली · २४ सप्टेंबर, रात्री ९:२०

पोरीला माझ्याकडून गालावर एक.

पांढरी_चप्पल · २४ सप्टेंबर, रात्री ९:३५

गालावर नको, पायावर. आणि टोपी घातलीय ना? डोळ्यांची पुढची तारीख कधी आहे?

निशिगंधा · २४ सप्टेंबर, रात्री ९:४१

घातलीय. आता बरोबर बसते. सोमवारी, सकाळी साडेदहाला.